किल्लीच्या वहीतील तीन ओळी

१

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता गणपत उबाळेने चर्चच्या वेस्ट्रीतले, म्हणजे उपासनेचे सामान ठेवायच्या खोलीतले, लोखंडी कपाट उघडले. वरच्या खणात शुक्रवारी स्वतःच्या हाताने ठेवलेला पिवळा लिफाफा तिथे नव्हता. त्याने गीतांची पुस्तके बाहेर काढली, दानाच्या पिशव्या झटकल्या, खालच्या खणातली मेणबत्त्यांची खोकीही उपसली. लिफाफा कुठेच सापडला नाही.

त्या लिफाफ्यात एकच कागद होता आणि त्यावर अठ्ठावीस सह्या होत्या. गणपत गाला भागातल्या एका कारखान्यात एसीच्या हवेसाठी पत्र्याचे डक्ट बनवण्याच्या कामावर मुकादम होता. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम घ्यायचे नाही, असा या आखाती देशाचा नियम आहे. कारखान्याने तो गच्चीवरच्या कामाला लावलाच नाही. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात प्रितम नावाचा तेवीस वर्षांचा मुलगा दुपारी दोन वाजता गच्चीवर कोसळला आणि तीन दिवस इस्पितळात राहिला. तो बरा होऊन परतला, त्याच दिवशी गणपतने तक्रार लिहिली. सुनावणी बुधवारी कामगार खात्यात होती. त्याआधी अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधून अरबी प्रत करून तिला मूळ सह्यांचा कागद जोडायचा होता. म्हणून मंगळवारी यायचे ठरले असूनही तो रविवारीच अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता.

कामगारांच्या कॅम्पमध्ये एका खोलीत आठ माणसे राहत आणि कुलूप कशालाच नसे. म्हणून कागद चर्चमध्ये ठेवायचे ठरले होते. त्याचा फोटो काढायला गणपतनेच सक्त मनाई केली होती. "एकाच्या फोनवर गेला की संध्याकाळपर्यंत अर्बाबच्या फोनवर पोचतो," असे त्याने सगळ्यांना बजावले होते. अर्बाब म्हणजे कारखान्याचा मालक. त्यामुळे आता कागद नव्हता आणि त्याची प्रतही नव्हती.

दुपारपर्यंत बातमी कॅम्पवर पोचली. रात्रीच्या जेवणाला गणपत ताट घेऊन रांगेत बसला, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे उठून पलीकडे गेली. ज्याच्यासाठी सारे चालले होते त्या प्रितमनेच सर्वांदेखत विचारले, "मामा, किती रियालला विकलात आम्हाला?"

गणपतने ताट तसेच ठेवले आणि बाहेर जाऊन उत्तरा साळवे यांना फोन लावला.

"सलाम, बाई. आमची माणसं परत सही करणार नाहीत. मी हात जोडले तरी नाही. कागद मिळाला नाही तर बुधवारी मी एकटाच उभा राहीन. आणि खरं सांगू का, तिथे एकटं उभं राहायला मला भीती नाही. इथे या रांगेत एकटं बसायची आहे."

२

उत्तराबाई एका अभियांत्रिकी कंपनीच्या कुरुममधल्या कार्यालयात डॉक्युमेंट कंट्रोलर होत्या. कोणता नकाशा कोणत्या तारखेचा, कोणी पाठवला, कोणाच्या हाती पोचला, याची नोंद ठेवण्यात त्यांची एकवीस वर्षे गेली होती. चर्चच्या मराठी मंडळीत त्या तीन पंचांपैकी एक होत्या. पाळकसाहेब सुट्टीवर नगरला गेले होते. त्यांनी फोनवर एवढेच सांगितले, "उत्तराताई, तुम्ही बघा. पण सांभाळून. मंडळी लहान आहे."

मंडळी खरोखरच लहान होती. पस्तीस मराठी कुटुंबे आणि कॅम्पमधून बसने येणारे चाळीसेक कामगार. या दोन गटांत वर्षभर धुसफूस चालू होती. सप्टेंबरात पंचांची निवडणूक होती आणि कामगारांनी गणपतला उभे करायचे ठरवले होते. "आधी बसायला खुर्ची मागितली, आता समिती मागताहेत," असे एका बाईंनी चहाच्या टेबलाशी म्हटलेले उत्तराबाईंनी स्वतः ऐकले होते.

सोमवारी कार्यालय सुटल्यावर त्या थेट चर्चच्या आवारात गेल्या. हे आवार अनेक भाषांच्या मंडळ्यांमध्ये वाटलेले होते. प्रत्येकीची वेळ ठरलेली आणि प्रत्येकीचे कपाट वेगळे. कौशिक हा आवाराचा रखवालदार फाटकाजवळच्या खोलीत पंख्याखाली बसला होता.

"मॅडम, संडे को आपके लोगों में से एकच आदमी आया. उबाळे. और कोई नहीं. गेट पे मैं था, कॅमेरा भी है."

"शनिवारी?"

"सॅटरडे को पूरा दिन रंगकाम. वेस्ट्री को मेरा ताला था."

"आणि शुक्रवारी?"

"फ्रायडे को कौन गिनेगा? पाँच सर्व्हिस, हजार लोग. लेकिन वही तो बात है मॅडम, आपकी कॉपी में संडे का लिखा है."

कौशिक म्हणाला ती 'कॉपी' म्हणजे किल्लीची वही. मराठी मंडळीच्या कपाटाची किल्ली वेस्ट्रीत खिळ्याला टांगलेली असे. जो ती घेईल त्याने खालच्या वहीत तारीख, नाव आणि कारण लिहायचे, असा नियम होता. कौशिकने रविवारी तिचा फोटो काढून पंचांना पाठवला होता आणि तासाभरात तो मंडळीच्या ग्रुपवर फिरला होता. फोटोत शेवटच्या तीन ओळी होत्या:

११ जुलै. गणपत उबाळे. लिफाफा ठेवला.
१३ जुलै. शिरीष त्रिभुवन. चर्चकाम.
१३ जुलै. गणपत उबाळे. लिफाफा नेण्यास.

अकरा जुलै म्हणजे शुक्रवार. या देशात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असल्यामुळे मंडळीची उपासनाही शुक्रवारीच होते. तेरा जुलै म्हणजे रविवार. त्या दिवशी आवारात एकटा गणपत आला होता, मग मधल्या ओळीत मंडळीचे सेक्रेटरी शिरीष त्रिभुवन यांचे नाव आले कुठून? ग्रुपवर एकच निष्कर्ष निघाला होता: उबाळेने शिरीषभाऊंचे अक्षर गिरवून खोटी ओळ लिहिली, संशय त्यांच्यावर ढकलला आणि कागद कंपनीला दिला.

उत्तराबाईंनी तिथूनच शिरीषना फोन केला.

"शिरीषभाऊ, ती मधली ओळ पाहिलीत ना?"

"पाहिली, उत्तराताई." त्यांचा आवाज थकलेला होता. "रविवारी सकाळी सहा ते रात्री आठ मी सूर शहरातल्या साइटवर होतो. पंधरा माणसं साक्षीला आहेत. यापलीकडे मी काय सांगणार?"

"गणपतनं असं केलं असेल, असं वाटतं तुम्हाला?"



"मी कोणावर आरोप करणार नाही," असे म्हणून शिरीषनी फोन ठेवला.

फोन पर्समध्ये टाकताना उत्तराबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. आपण विचारले होते ओळीबद्दल, आणि शिरीषनी उत्तर दिले होते रविवारबद्दल.

३

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्या आशुतोष देवधरांना भेटल्या. देवधर पुण्याचे, गाला भागातल्या त्या कारखान्याचे मॅनेजर. कागद नाहीसा होण्यात सर्वांत मोठा फायदा त्यांचा होता. कुरुममधल्या एका कॅफेत ते आधीच येऊन बसले होते आणि समोरचे सँडविच त्यांनी उघडलेही नव्हते.

"मॅडम, स्पष्ट विचारा. कागद माझ्याकडे आहे का, हेच ना?"

"आहे का?"

"नाही. असता तर आज सकाळी अर्बाबनं मला दोन तास उभं धरलं नसतं. त्यांना हवी आहेत नावं. कोणी कोणी सही केली. माझ्याकडे एक नाव आहे, उबाळे. ते तर तो स्वतःच सांगत फिरतो."

"गच्चीवर दुपारी माणसं चढवली, ते तुम्हाला माहीत होतं?"

देवधरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "डिलिव्हरीची तारीख माझी नव्हती. पण हो, माहीत होतं. प्रितमला इस्पितळात मीच नेलं. त्याची आई फोनवर रडत होती आणि मी तिला सांगत होतो, डिहायड्रेशन आहे, काळजी नको. असलं बोलायला पगार मिळतो मला."

उत्तराबाईंनी चष्मा त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "कागद चर्चमध्ये ठेवणार आहेत, हे तुम्हाला आधी कळलं होतं?"

"कॅम्पमध्ये काही लपत नाही. गुरुवारी लुलू सुपरमार्केटमध्ये त्रिभुवन भेटले. मी सहज म्हटलं..." ते थांबले. "सहज नाही. मुद्दामच म्हटलं. तुमच्या चर्चची बस आमचा अर्बाब देतो. हा कागद चर्चमधून निघाला असं त्याला कळलं, तर बस त्याच दिवशी खलास. शिवाय तो चिडून तुमच्या उपासनेच्या परवानगीबद्दल वर चार जागी बोलेल. मी धमकी दिली नाही, मॅडम. जे होणार ते सांगितलं."

"त्यावर शिरीषभाऊ काय म्हणाले?"

"काहीच नाही. ट्रॉलीतली भाजी तशीच सोडून निघून गेले."

४

बस गेली तर चाळीस माणसांची उपासना गेली, आणि परवानगी गेली तर सगळ्यांचीच. शिरीषना भीती वाटायला कारण होते. परंतु भीतीला कारण असणे म्हणजे चोरीचा पुरावा नव्हे. रविवारी शिरीष सूरमध्ये होते, हे उत्तराबाईंनी त्यांच्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडून सकाळीच पडताळून घेतले होते. दोनशे किलोमीटरवरचा माणूस इथल्या रुवी भागातल्या चर्चच्या वहीत ओळ कशी लिहील?

चार वाजता वादी अदाई भागातल्या आपल्या घरी त्या पोचल्या तेव्हा दाराशी प्रणाली उभी होती. ती मंडळीत मुलांचे वर्ग घेई. कडेवर चार महिन्यांची मुलगी होती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक प्रमाणपत्र.

"सॉरी काकू, न सांगता आले. हे जरा बघता? नाहीतर आमचे हे म्हणतात, तुझ्या चर्चवाल्यांना कॅलेंडर घेऊन दे."

"का, काय झालं?"

"हिचा बाप्तिस्मा सत्तावीस जूनला झाला ना, शुक्रवारी? फोटोवर पण तीच तारीख आहे. आणि इथे लिहिलंय एकोणतीस. एकोणतीसला तर आम्ही हिला घेऊन लसीकरणाला गेलो होतो, कार्डावर शिक्का आहे. उद्या कुठल्या ऑफिसात कोणी विचारलं तर? शिरीषकाकांनी चूक केलीय का?"

उत्तराबाई हसल्या. "चूक नाही गं. आपल्याकडे असंच लिहितात. वाचनं, प्रार्थना, सगळं रविवारच्या पंचांगाप्रमाणे असतं. आपण ते शुक्रवारी करतो, पण रजिस्टरात तो येणारा रविवारच धरतात. पेंटेकॉस्टच्या सणानंतरचा तिसरा रविवार म्हणजे एकोणतीस. पहिल्या पाळकसाहेबांपासूनची पद्धत आहे ही. दर आठवड्याची उपासनेची पत्रिका बघ, तिच्यावरही..."

त्या मध्येच थांबल्या.

"काय झालं, काकू?"

"प्रणाली, शुक्रवारी उपासना संपल्यावर रजिस्टर कोण भरतं?"

"शिरीषकाकाच. सगळे चहाला गेले की ते वेस्ट्रीत बसून भरतात आणि कपाटात ठेवून देतात."

"म्हणजे त्यासाठी किल्ली घेतात."

"हो, म्हणजे घेत असणारच."

"मग शुक्रवारी, अकरा तारखेला त्यांनी किल्ली घेतल्याची ओळ कुठे आहे?"

प्रणालीने फोन काढून ग्रुपवरचा फोटो पाहिला. तिथे तीनच ओळी होत्या. अकरा जुलैला एकट्या गणपतचे नाव होते.

"यल्ला, चल," उत्तराबाई म्हणाल्या. "बाळाला माझ्याकडे दे आणि गाडी तू काढ. मला फोटो नको, वही पाहिजे."

५

वही दोनशे पानी होती. उत्तराबाईंनी एक पान मागे उलटले आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या. पाच मिनिटांनी त्यांनी वही प्रणालीपुढे सरकवली.

"ही ओळ वाच, आणि मग तिच्याखालची."

"सहा जुलै, शिरीष त्रिभुवन, चर्चकाम. खाली... चार जुलै, प्रणाली, खडू ठेवले." ती चमकली. "हे मी लिहिलंय. पण सहानंतर चार कसं?"

"तू खडू कधी ठेवलेस?"

"वर्ग सुटल्यावर. शिरीषकाका रजिस्टर ठेवून बाहेर पडत होते. त्यांनीच मला किल्ली हातात दिली."

"त्या दिवशी तू खरी तारीख लिहिलीस आणि त्यांनी रजिस्टरातली. रजिस्टर भरून उठलेला माणूस तीच तारीख हातात घेऊन उठतो. मागे बघ: एकोणतीस जून, बावीस जून, पंधरा जून. शिरीषभाऊंची एकही ओळ शुक्रवारची नाही, सगळे रविवार. आणि रविवारी तर ते कामावर असतात. त्यांनी ही वही कधीच रविवारी पाहिलेली नाही."

"म्हणजे तेरा जुलैची ओळ त्यांचीच?"

"त्यांचीच. अकरा तारखेला, शुक्रवारी, गणपतनं लिफाफा ठेवल्यानंतर लिहिलेली. शनिवारी वेस्ट्रीला कौशिकचं कुलूप होतं. रविवारी गणपतनं उघडलं तेव्हा लिफाफा नव्हता. मधे कपाट उघडलं एकाच माणसानं." उत्तराबाईंनी वही मिटली. "अक्षर गिरवलं वगैरे काही नाही. आपण सगळ्यांनी फोटो पाहिला, तीन ओळींचा. मागचं पान कोणी उलटलंच नाही."

साडेपाच वाजता उत्तराबाई एकट्याच शिरीषच्या घरी गेल्या. शिरीष नुकतेच कार्यालयातून आले होते. उत्तराबाईंनी वहीची दोन पाने टेबलावर उघडी ठेवली. शिरीषनी ती पाने एकदाच पाहिली. मग आतल्या खोलीत जाऊन त्यांनी पिवळा लिफाफा आणला.

"फाडला नाही," ते म्हणाले. "दोनदा हातात घेतला. यातल्या अकरा जणांना मी स्वतः प्रभुभोजनाची भाकर दिली आहे. फाडवला नाही."

"घेतलात का?"

"रजिस्टर ठेवायला कपाट उघडलं तर समोर हाच. देवधरांचं बोलणं कानात होतं. वाटलं, दोन दिवस घरी ठेवू, पाळकसाहेबांना फोनवर विचारू, मंगळवारी गणपत न्यायला येईल त्याआधी परत ठेवू. तो मंगळवारी येणार होता, उत्तराताई. रविवारी आला."

"आणि मग ग्रुपवर फोटो आला."

"हो." शिरीषनी कपाळावरून हात फिरवला. "माझं नाव, तेरा तारीख, आणि तेराला मी सूरला. मी काही रचलं नाही. लोकांनीच माझी सुटका करून टाकली. मला फक्त गप्प बसायचं होतं."

"बसलात."

"माझं ऐका. या मंडळीसाठी मी अठरा वर्षं खपलो आहे. आपण सांगू की लिफाफा कपाटाच्या मागे पडलेला सापडला. कागद बुधवारी पोचेल, गणपतचं काम होईल, मंडळीचं नाव राहील. सगळ्यांचं भलं आहे."

उत्तराबाईंनी या सूचनेचा खरोखर विचार केला. पाळकसाहेबांचे 'सांभाळून' त्यांना आठवत होते. निवडणूक तोंडावर होती. सेक्रेटरीचे नाव निघाले तर पस्तीस कुटुंबांतली दहा तरी मंडळी सोडतील, हेही त्यांना दिसत होते.

"कागद सापडला तर तक्रार वाचते," त्या शेवटी म्हणाल्या. "गणपत वाचत नाही. लोक म्हणतील, घाबरून परत आणून ठेवला. तो त्या रांगेत जन्मभर एकटा जेवेल. कागदावर त्याची एक सही आहे, शिरीषभाऊ. पण उरलेल्या सत्तावीस जणांनी त्याच्या तोंडाकडे बघून केल्या."

शिरीष खुर्चीतून उठले. मग त्यांनी पायांत चपला घातल्या.

६

कॅम्पच्या भोजनगृहात जेवणाची पंगत नुकतीच बसली होती. गणपत दाराजवळच्या टोकाला होता आणि त्याच्या शेजारची दोन माणसांची जागा मोकळी होती. सेक्रेटरी आणि साळवेबाई आत येताना दिसले तसे हळूहळू सगळे हात थांबले.

शिरीष उभ्यानेच बोलले. लिफाफा आपण घेतला. शुक्रवारी घेतला. चार दिवस घरी ठेवला. गणपतवर आळ आला हे रविवारीच कळले होते, तरी बोललो नाही. एवढे त्यांनी चार वाक्यांत सांगितले. बसचा किंवा परवानगीचा उल्लेख त्यांनी केला नाही. त्यांनी लिफाफा गणपतपुढे धरला.

गणपतने हात पुसला, कागद बाहेर काढला आणि सह्या मोजल्या. अठ्ठावीस भरल्यावर त्याने वर पाहिले.

"रविवारपासून माझ्याशेजारी कोणी बसत नव्हतं. हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

"मग माफी मागू नका. मागितलीत तर मला द्यावी लागेल, आणि आज माझ्याच्यानं होणार नाही."

शिरीषनी मान हलवली. मग ते म्हणाले, "उद्या मी येतो तुमच्याबरोबर. मला अरबी येतं. मंडळीचा सेक्रेटरी म्हणून नाही, ते पद मी आज सोडलं. नुसता शिरीष त्रिभुवन म्हणून."

"आणि ही माणसं विचारतील, याला कशाला आणला, तर काय सांगू?"

  पंगतीच्या मधून कोणीतरी म्हणाले, "मुकादम, अरबी येणारा आपल्यात कोण आहे? येऊ द्या." दुसरा म्हणाला, "येऊ द्या, पण कागद त्यांच्या हातात देऊ नका." दोघे-तिघे हसले आणि हसून झाल्यावर खाली बघू लागले.

मग प्रितम उठला. ताट घेऊन तो दारापर्यंत आला आणि गणपतशेजारी उभा राहिला. बसावे की न बसावे हे त्याला कळेना. इस्पितळातून आल्यापासून तो वाळला होता, शर्ट अंगावर लोंबत होता.

"मामा," तो म्हणाला.

गणपतने कागदाची घडी केली, लिफाफ्यात घातली आणि लिफाफा बनियनच्या आत सारला.

"खाली बस, भात गार होतोय," तो म्हणाला. "उद्या सकाळी सहाला तयार राहा, आधी टायपिंग सेंटर गाठायचं आहे. धुतलेला शर्ट घाल. आणि तिथे मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तुझं तोंड मी पाहिलं आहे."

प्रितम बसला. पलीकडचे दोघेही आपापली ताटे घेऊन सरकत आले.